टोकन द्यायच्या आधी नळी घाला: सेकंड-हँड स्पोर्ट्स कारची पीयूसी कशी करून घ्यावी

मध्यंतरी एका रात्री साडेदहाला भाचा घरी आला. जेवलास का म्हणून विचारायच्या आधीच त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. "मामा, ही बघा." लाल रंग, दोन सीट, उघडणारं छप्पर, टर्बो पेट्रोल इंजिन, मागं दोन बाजूंना दोन सायलेन्सर. २०१४ ची गाडी. विकणारा सांगतोय, एकदम शोरूम कंडिशन आणि पीयूसी आत्ताच काढलीय.

"पीयूसीवर आकडे किती आलेत?" मी विचारलं.

"आकडे? पास आहे की, मामा."

या "पास आहे की"पायी मी एकदा चांगलाच आपटलोय. सहा वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका डीलरकडून एक कूपे घेतली होती. कागद सगळे चोख, पीयूसी चार दिवसांची. वर्षभरानं नवी पीयूसी काढायला गेलो, तर सायलेन्सरमध्ये तपासणीची नळी घातल्या घातल्या मशीनवर सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ०.८ आणि एचसी, म्हणजे हायड्रोकार्बन, २६० च्या वर. नापास. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रींच्या पिटवर, म्हणजे गाडीखाली उतरायच्या खड्ड्यावर, गाडी घेतली, खालून बॅटरी मारली, तर धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, म्हणजे कॅटचा, डबा बाहेरून जागच्या जागी, पण आतून रिकामा. कुणीतरी डबा कापून आतली जाळी काढून टाकली होती आणि परत वेल्डिंग मारून बसवला होता. मी स्वतः टर्निंगच्या धंद्यातला. वेल्डिंग इतकं सुबक होतं की कारागिराला दाद द्यावी की शिवी, तेच कळेना. नव्या कॅटचा भाव ऐकून मात्र शिवीच आली.

म्हणजे त्या चार दिवसांच्या पीयूसीच्या वेळी नळी नेमकी कुठल्या गाडीत होती, हे त्या गाडीलाच माहीत. तेव्हापासून मी कागद बघत नाही. गाडी माझ्या डोळ्यांदेखत मशीनवर लावतो आणि आकडे वाचतो. आजारी माणसाचा रक्ताचा रिपोर्ट वाचावा, तसे. शे-दीडशे रुपयांत लाखांच्या इंजिनाची याहून स्वस्त तपासणी कुठं मिळत नाही. भाच्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय.

आधी गाडीचा जन्मदाखला

गाडी बघायला जायच्या आधी नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन ॲपवर टाका. विमा, फिटनेस, बँकेचा बोजा हे सगळे बघतातच. तुम्ही आणखी एक रकाना बघा: उत्सर्जन मानक. तिथं भारत स्टेज (बीएस) ३, ४ की ६ लिहिलंय, त्यावर गाडीला कुठली मर्यादा लागणार ते ठरतं.

यात आपल्या भागातली एक गंमत आहे. १ एप्रिल २०१० ला बीएस-४ आलं ते फक्त १३ शहरांत. त्यात पुणे होतं, सोलापूर होतं, कोल्हापूर नव्हतं. देशभर बीएस-४ लागू झालं १ एप्रिल २०१७ ला आणि बीएस-६ आलं १ एप्रिल २०२० ला. त्यामुळं २०१२ ची एमएच-१२ पासिंगची गाडी बीएस-४, तर त्याच साली एमएच-०९ ला पासिंग झालेली दुसरी गाडी बीएस-३ असू शकते. साल बघून अंदाज बांधू नका, आरसी बघा.

पेट्रोल गाड्यांच्या मर्यादा अशा. बीएस-४ आणि बीएस-६ ला आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २०० भाग. बीएस-२ आणि बीएस-३ ला सीओ ०.५ टक्के, एचसी ७५० पीपीएम. त्याही आधीच्या गाड्यांना सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम, म्हणजे जवळपास मोकळं रान. बीएस-४ पासून पुढं आणखी एक चाचणी आहे: इंजिन अडीच हजार आरपीएमच्या आसपास धरायचं आणि तिथं सीओ ०.२ च्या आत, लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या मध्ये यायला पाहिजे. लॅम्डा म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचा मेळ. बरोबर १ म्हणजे आहे त्या हवेत पूर्ण जळेल तेवढंच पेट्रोल. १ च्या खाली पेट्रोल जास्त, वर गेला तर हवा जास्त.

परिवहनच्या पीयूसी पोर्टलवर गाडी नंबर आणि चॅसी नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले की चालू पीयूसी दिसते. भाच्याच्या गाडीची बघितली. गाडी कोल्हापुरात, विकणारा कोल्हापुरात, पीयूसी भलत्याच जिल्ह्यातली. याचा अर्थ लबाडीच असा नाही, माणूस फिरतीवर असेल. पण कान टवकारायला एवढं पुरे.

"गाडी चालू करून ठेवू नका"

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच फोन करून हे सांगा. बहुतेक जण तुम्ही यायच्या आधी अर्धा तास गाडी गरम करून ठेवतात. सगळेच लबाडीनं करतात असं नाही, काही जण पाहुण्यांसाठी घर झाडावं तसं करतात. पण थंड इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन सांगत नाही. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या.

आता मागं उभं राहा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला लावा. पहिल्या मिनिटात पांढरी वाफ आणि सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब येणं साहजिक आहे, पावसाळ्यात तर जास्तच. वाफ गेली नाही, पांढरा धूर दाट राहिला आणि गोडसर वास आला, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, जळतंय; बहुतेक हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग, गेलंय. निळसर धूर म्हणजे ऑइल. सुरू करताना एकच फुगा निळा निघून गेला तर व्हॉल्व्ह सील, ॲक्सिलरेटरबरोबर निघत राहिला तर पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त.

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि नंतर विझला पाहिजे. लागलाच नाही तर आनंदू नका, कुणीतरी त्याचा आवाज बंद केलाय.

टाकीत पेट्रोल किती दिवसांचं आहे तेही विचारा. अशा गाड्या वर्षातून चारदा बाहेर निघतात, एक दसऱ्याला आणि बाकी कुणाच्या तरी लग्नात. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. ऊस आपला, डिस्टिलरी आपल्या, तक्रार कुणाकडं करणार? पण इथेनॉल पाणी ओढतं, आणि २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबरी पाइप, सील त्या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत. गाडी सहा महिने उभी असेल तर पेट्रोलचे पाइप हातानं दाबून बघा, चिरा किंवा पिलपिलेपणा जाणवतो का. चाचणीच्या आधी थोडं ताजं पेट्रोल घाला. इंजेक्टर साफ करायच्या बाटल्या मात्र विकणाऱ्याला ओतू देऊ नका. जी गाडी आहे तीच आपल्याला तपासायचीय.

पिटवर घ्या

स्पोर्ट्स कार जमिनीला इतकी टेकलेली असते की रस्त्यावर वाकून काही दिसत नाही. उद्यमनगरात, गोकुळ शिरगावच्या बाजूला, शिरोलीत, कुठंही ओळखीच्या गॅरेजमध्ये पिट किंवा लिफ्ट असेल तिथं न्या. जाताना स्पीड ब्रेकर बघून न्या, नाहीतर विकणारा तिथंच व्यवहार मोडेल.

खाली गेल्यावर इंजिनापासून मागं येत जा. मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारी पाइप), टर्बो, मग धुरातला ऑक्सिजन मोजणारा पहिला ऑक्सिजन सेन्सर, मग कॅट, त्याच्या मागं दुसरा सेन्सर, मग मफलर. कॅटच्या डब्यावर कंपनीचा शिक्का, नंबर, मूळ वेल्डिंगची सरळ रेघ आहे का ते बघा. ताजं वेल्डिंग, डब्याच्या जागी साधी गोल पाइप, किंवा बाकीचं सगळं गंजलेलं आणि तेवढाच तुकडा चकचकीत, हे दिसलं की थांबा. रबरी हातोडीनं हळूच ठोका. चांगला कॅट भरीव वाजतो. खडखडला तर जाळी फुटलीय, पोकळ वाजला तर जाळी नाहीच.

मागच्या सेन्सरच्या बुडाशी एक-दीड इंचाचा जादा अडॅप्टर लावलेला असेल तर तोही ओळखा. सेन्सर धुराच्या झोतापासून लांब नेऊन गाडीच्या कॉम्प्युटरला फसवायची ती जुनी युक्ती आहे.

कॅट काढतात कशाला? दोन कारणं. एक, आवाज आणि चार घोड्यांची जादा ताकद. मोटरसायकलीची पुंगळी काढायची आपल्याकडची हौस चारचाकीत आली की तिला डीकॅट म्हणतात, एवढाच फरक. दुसरं, त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा मुलामा असतो, म्हणून भंगारातही तिला भाव येतो. आयात गाडीचा मूळ कॅट घ्यायला गेलं की किंमत सहज लाखाच्या घरात जाते. त्यामुळं "आवाजासाठी काढलाय, ओरिजिनल घरी आहे" असं कुणी म्हणालं, तर तो घरचा कॅट आधी डिकीत घालून आणायला सांगा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल मान्य करत नाही, आणि भुर्दंड पडतो तो नव्या मालकाला.

स्कॅनर: खोटं बोलणाऱ्याला पकडणारा

गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदलेले बिघाड वाचणारा ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर हजारेक रुपयांत मिळतो. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात लावायचा आणि मोबाईलवर ॲप उघडायचं. नवशिके फक्त एरर कोड बघतात आणि कोड नाही म्हणून खूश होतात. कोड पुसायला दहा सेकंद लागतात.

म्हणून तुम्ही आणखी दोन गोष्टी बघा. एक, कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली. भाच्याच्या गाडीत तो आकडा होता ११. गेल्या ११ किलोमीटरमध्ये कुणीतरी कोड पुसले होते, नाहीतर बॅटरी काढली होती. "बॅटरी नवीन घातलीय हो," विकणारा म्हणाला. घातली असेल. बॅटरीवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती, पण मी काही बोललो नाही.

दुसरी गोष्ट, मॉनिटर. कॉम्प्युटर कॅट, ऑक्सिजन सेन्सर, मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) यांची स्वतःची परीक्षा घेत असतो, आणि कोड पुसले की सगळ्या परीक्षा पहिल्यापासून सुरू होतात. "अपूर्ण" असं दाखवत असतील तर कोड नसण्याला काही अर्थ नाही. पाटी कोरी आहे, विद्यार्थी हुशार आहे असं नव्हे. शे-दोनशे किलोमीटर मिश्र चालवल्यावर परत बघा.

कोड आलाच तर: पी०४२० म्हणजे कॅट नीट काम करत नाही. पी०१७१ हवा जास्त, पी०१७२ पेट्रोल जास्त. पी०३०० म्हणजे मिसफायर, आणि पी०३०१, पी०३०२ असं असेल तर शेवटचा आकडा सिलिंडरचा.

फ्युएल ट्रिम नावाचा आकडा टिपून ठेवा. कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय ते त्यात दिसतं. दीर्घ मुदतीचा ट्रिम अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही, नव्या पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळं तो थोडा वर गेलेला दिसतोच. दहाच्या पुढं गेला तर कारण शोधायचं. भाच्याच्या गाडीत तो होता अधिक १४. म्हणजे कॉम्प्युटरला वाटत होतं पेट्रोल कमी पडतंय, म्हणून तो ओतत सुटला होता. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येतो.

गरम करून मशीनवर

कॅट थंड असताना झोपलेला असतो. साधारण अडीचशे-तीनशे अंशांच्या वर गेला की जागा होतो. म्हणून घराजवळच्या केंद्रावर थंड गाडी नेली तर चांगली गाडीही नापास होते आणि तुम्ही उगाच घाबरता. आधी वीस मिनिटं चालवा, तीही सिग्नलवर थांबत नव्हे. मी ताराराणी चौकातून शिरोली नाका, पंचगंगेचा पूल ओलांडून महामार्गाला, टोपपर्यंत जाऊन परत येतो. गिअर एक खालचा ठेवायचा, इंजिन तीन हजारावर वाजू द्यायचं. चालवायच्या आधी विमा चालू आहे ना हे बघितलंच असेल, नसेल तर विकणाऱ्याला चालवू दे आणि तुम्ही शेजारी बसा. पन्हाळ्याच्या घाटात न्यायचा मोह आवरा. तो घाट गाडी तुमची झाल्यावर.

परत आल्यावर गाडी बंद करू नका. थेट केंद्रावर. रांग असेल तर अधूनमधून आरपीएम वर न्या, दहा मिनिटं आयडलवर राहिली तरी कॅट निवायला लागतो. एसी, दिवे, म्युझिक बंद. स्पोर्ट मोड बंद.

मूळ मालक किंवा त्याचा माणूस बरोबर असू द्या, कारण पीयूसीसाठी मालकाचा मोबाईल नंबर लागतो आणि मेसेज त्यालाच जातो. जुनी पीयूसी चालू असेल तर केंद्रवाला विचारेल, "कशाला काढताय आत्ता?" सरळ सांगा, गाडी घ्यायची आहे, आकडे बघायचेत. बहुतेकांना यात मजा वाटते. दिवसभर मोपेडींना नळी लावणाऱ्याला असली गाडी रोज कुठं मिळते?

आता बारीक लक्ष ठेवायची वेळ. नळी सायलेन्सरमध्ये किमान ३० सेंटिमीटर, म्हणजे टीचभराहून बरीच जास्त, आत गेली पाहिजे. स्पोर्ट्स कारला पुढं जाड चमकदार टोक असतं आणि खरी पाइप आत लांब सुरू होते. नळी टोकातच राहिली तर बाहेरची हवा मिसळते आणि आकडे गोजिरे दिसतात. दोन सायलेन्सर असतील तर दोन्हीत घाला. काही गाड्यांत एक बाजू व्हॉल्व्हनं बंद असते, काहींत एक नुसती शोभेची असते. व्ही इंजिनाच्या गाडीत दोन्ही बाजूंना वेगळे कॅट असू शकतात आणि एक मेलेला, एक जिवंत, असंही होतं.

केंद्रवाल्याला आयडल आणि वरचं आरपीएम, दोन्ही घ्यायला सांगा. काही ठिकाणी घाईत आयडलवरच उरकतात. स्क्रीनचा फोटो काढा, कारण छापील कागदावर सगळे आकडे येतीलच असं नाही.

आमच्या गाडीला डाव्या सायलेन्सरमध्ये आयडलवर सीओ ०.२४, एचसी ९६. भाचा उडालाच. "मामा, पास!"

"काठावर पास रं. आता अडीच हजारावर धर."

त्यानं पाय दाबला. आकडे चार-पाच सेकंद हलले नाहीत, मग सीओ चढायला लागला. ०.४. ०.७. १.१ वर जाऊन थांबला. लॅम्डा ०.९६. केंद्रवाला माझ्याकडं बघून म्हणाला, "आयडलचंच धरू का दादा?" उजव्या सायलेन्सरमध्येही तेच.

आकडे काय म्हणतात

कायद्याची मर्यादा आणि तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी. बीएस-४ गाडीचा कॅट चांगला असेल, इंजिन गरम असेल, तर सीओ ०.०० ते ०.०५ आणि एचसी विस-तिसाच्या आत येतो. ०.२७ आला तर कागद मिळतो, पण ती पस्तीस मार्कांची पास आहे. माझ्या मते अशा गाडीला नापास गाडीचाच भाव द्यावा.

मशीन चार वायूंचं असेल तर कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनही दिसतो. ते आधी बघा, त्यावरून चाचणी खरी झाली का ते कळतं. नीट जळणाऱ्या इंजिनात कार्बन डायऑक्साइड १४-१५ टक्के आणि ऑक्सिजन अर्ध्या टक्क्याच्या आत असतो. कार्बन डायऑक्साइड १० आणि ऑक्सिजन ५ असं दिसलं तर नळी नीट आत नाही, नाहीतर सायलेन्सर कुठंतरी फुटलाय. असे आकडे रद्द समजा आणि परत घ्या.

सीओ जास्त, लॅम्डा १ च्या खाली: पेट्रोल जास्त. एअर फिल्टर, गळणारा इंजेक्टर, हवा मोजणारा सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, किंवा उघडा अडकलेला थर्मोस्टॅट, ज्यामुळं इंजिनला कायम थंडी वाजतेय असं वाटतं. सीओ ठीक पण एचसी भरमसाट: पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे प्लग, कॉइल, मिसफायर, किंवा कुठंतरी व्हॅक्यूमचा पाइप सुटलाय. सीओ आणि एचसी दोन्ही थोडे थोडे जास्त आणि लॅम्डा मात्र बरोबर १: इंजिन बरं आहे, कॅट गेलाय किंवा काढलाय. माझ्या कूपेचं दुखणं हेच होतं, आणि हेच सगळ्यात महाग असतं.

आता भाच्याच्या गाडीकडं या. स्कॅनर म्हणतो पेट्रोल कमी पडतंय, म्हणून १४ टक्के वाढवलंय. पीयूसी मशीन म्हणतं पेट्रोल जास्त होतंय. दोघांतला एक खोटा. मशीन सायलेन्सरच्या तोंडाशी प्रत्यक्ष मोजतंय, त्याला खोटं बोलायचं कारण नाही. म्हणजे कॉम्प्युटरला चुकीची बातमी देणारा पुढचा ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला असणार. मिस्त्रींनी आधी सेन्सरच्या पुढच्या जोडात कुठं हवा ओढतेय का ते बघितलं, कारण तिथल्या फटीतून हवा आली तरी सेन्सर असाच फसतो. जोड घट्ट होता. मागच्या सेन्सरचा आलेख स्थिर होता, म्हणजे कॅटमध्ये अजून जीव होता. पण जादा पेट्रोल असंच जळत राहिलं असतं तर वर्षभरात कॅट भाजून निघाला असता.

"बदला सेन्सर," मी विकणाऱ्याला म्हटलं, "खर्च तुमचा, किंमत ठरल्याप्रमाणं. नाहीतर खर्च आमचा आणि किंमत कमी." तो थोडा गुरगुरला. मग त्यानं नवा सेन्सर घातला.

नापास गाडी दिसली की पळून जाणाऱ्यांना म्हणून हे सांगतोय. सेन्सर, प्लग, फिल्टर, कॉइल यांच्यासाठी चांगली गाडी सोडू नका, भाव करा. कॅट नसणं, निळा धूर आणि गोड वासाचा पांढरा धूर, या तिघांसाठी मात्र मी दुसऱ्यांदा विचार करत नाही. दुरुस्ती झाली की परत मशीनवर, परत दोन्ही सायलेन्सर, आणि मगच टोकन. टोकनच्या पावतीवर एक ओळ लिहून घ्या: अमुक तारखेच्या चाचणीत अमुक आकडे, गाडी ताब्यात देईपर्यंत सायलेन्सर आणि कॅटमध्ये बदल नाही. चाचणीनंतर मूळ कॅट उतरवून घेतल्याचे किस्से ऐकलेत मी.

नापास झाल्याची चिठ्ठीही मागून घ्या. २०२१ पासून तशी चिठ्ठी द्यायची तरतूद आहे, आणि भाव करताना तिच्याइतकं वजन तुमच्या बोलण्याला येणार नाही.

पीयूसीला जे दिसत नाही

नायट्रोजन ऑक्साइड आपल्याकडच्या पीयूसीत मोजत नाहीत. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनातली बारीक काजळीही नाही. गिअरबॉक्स, क्लच, सस्पेन्शन, ॲक्सिडेंट, यातलं काही नाही. टर्बोवर पूर्ण भार असताना काय होतं तेही नाही, गाडी तर जागेवर उभी असते. म्हणून रिमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला कॉम्प्युटरचं सेटिंग बदललेली, गाडी आयडलवर साधूसारखी वागू शकते. रिमॅप केलाय का ते सरळ विचारा, आणि मूळ फाइल परत घालता येते का तेही.

कागद

यात फार सांगण्यासारखं नाही. नावावर करायला नमुना २९ आणि ३०, चालू विमा, चालू पीयूसी. कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा नमुना ३५. बाहेरच्या आरटीओची गाडी असेल तर नमुना २८ ची एनओसी. पैसे पूर्ण द्यायच्या आधी हे हातात पाहिजेत, "उद्या देतो" नको. कोगनोळी नाक्यापलीकडच्या केए-२२, केए-२३ पासिंगच्या गाड्या आपल्याकडं खूप विकायला येतात आणि स्वस्त वाटतात, पण इथला कर भरल्यावर स्वस्त राहतात का, ते आधी मांडून बघा. दिल्लीच्या गाड्यांचंही तसंच. तिथं १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाडीवर बंधनं आली, म्हणून पंधराव्या वर्षाच्या आसपास किंमत कोसळते. आपल्याकडं त्या वयाच्या आयात चारचाकीची नोंदणी वाढवायची फी एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये आहे, शिवाय पर्यावरण कर. देशी गाडीला तीच फी ५,००० आहे.

पीयूसी नसेल तर कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बीएस-४ आणि पुढच्या गाडीची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाडीची सहा महिने.

सेन्सर घातल्यावर आम्ही आठवड्यानं परत गेलो. मधल्या काळात विकणाऱ्यानं गाडी दोनशे किलोमीटर फिरवली होती, सगळे मॉनिटर पूर्ण, ट्रिम अधिक ३. टोपपर्यंत जाऊन आलो, नळी घातली. आयडलला सीओ ०.०१, एचसी १४. अडीच हजारावर ०.००, लॅम्डा १.००. केंद्रवाल्यानं ओळखलं. "दादा, ही तीच का?" म्हणाला आणि नंबर प्लेटचा फोटो घेताना गाडीबरोबर स्वतःचाही एक काढून घेतला.

भाच्यानं तो कागद घडी घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला, आणि मागच्या बाजूला बॉलपेननं दोन्ही सायलेन्सरचे आकडे लिहिले. पुढच्या वर्षी ताडून बघायला.